पहिला नग कोण घेणार?

उद्यमनगरात माझं मशिनशॉप आहे, त्यामुळे महासंगणकावर मी लिहिणं काहींना आगाऊपणा वाटेल. वाटू दे. नवं यंत्र कारखान्यापेक्षा खरेदीखात्यात जास्त अडतं, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे.

अमेरिका हवा तो क्रे संगणक द्यायला तयार नव्हती, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक हे सरकारी संगणक-संशोधन केंद्र सुरू झालं. विजय भटकरांच्या चमूला तीन वर्षं आणि सुमारे ३० कोटी मिळाले. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यातले ट्रान्सप्युटर, म्हणजे प्रोसेसर चिप, ब्रिस्टलच्या इनमॉसचे होते, पण ते जोडून एका कामाला लावायची विद्या आपली. पुढे इनमॉसची नवी चिप रखडली आणि परम ९००० साठी दुसऱ्या कंपनीची चिप घ्यावी लागली. स्वतःची चिप करायला घ्यायची ती वेळ होती. पण तेव्हा बेंगळुरूत फ्लोसॉल्व्हर, भाभा केंद्रात अनुपम, हैदराबादेत पेस, अशी प्रत्येक खात्याची वेगळी चूल.

२००७ मध्ये टाटांचा पुण्यातला 'एका' हा महासंगणक जगात चौथा आला. जोडणी इथली, सर्व्हर एचपीचे. क्रमांकच हवा असेल तर तयार माल घेणं शहाणपणाचं, पण त्यातून चिप जन्माला येत नाही. २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणक मोहिमेला ४,५०० कोटी मंजूर झाले. त्यातला २०२४ चा परम रुद्र, त्याचा सर्व्हर आपण आखला, ही मोठीच मजल. आतला प्रोसेसर मात्र इंटेलचा.

देशी चिप अडते ती खरेदीत. एका सरकारी निविदेत माझ्याकडे 'असाच माल पूर्वी पुरवल्याचा दाखला' मागितला होता. पहिल्यांदाच केलेल्या वस्तूचा दाखला आणायचा कुठून? शिवाय परदेशी यंत्र बंद पडलं तर दोष कंपनीचा, इथलं बंद पडलं तर सही करणाऱ्या साहेबाची चौकशी. साहेब तरी कशाला मान अडकवील?

आमच्याकडे ऑइल इंजिनं सुधारली ती गिऱ्हाइकामुळे. जुने मिस्त्री सांगायचे, बिघडलेलं इंजिन शेतकरी बैलगाडीत घालून परत आणायचा, शिव्या घालायचा आणि दुरुस्त करून घेऊन जायचा. पुढचं इंजिन त्या शिव्यांतून घडायचं.

सी-डॅकने आता 'औम' हा प्रोसेसर आखायला घेतलाय. त्याची पहिली खेप हवामान संस्थांनी आणि आयआयटींनी आत्ताच लेखी मागवावी, थोडी मंद चालली तरी. आणि देशी चिपसाठी पूर्वपुरवठ्याची ती अट सरकारने काढून टाकावी.