घाण्याचा बैल, सायकल आणि आपण

(एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला)

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे अलोऱ्याला लग्नानिमित्त पाहुणे जमले होते. जेवणे आटोपून पुरुषमंडळी ओटीवर पाने जमवीत बसली असता एका काकांनी मला हाक मारली.

“काय ग, तू म्हणे बायकांना सायकल शिकवतेस?”

“शिकवते.”

“आणि ती सायकल म्हणे जागची हलत नाही?”

“नाही हलत.”

काकांनी सुपारी कातरायची थांबवली. “मग घाण्याचा बैल काय वाईट? तो निदान तेल तरी काढतो!”

ओटीवर हशा पिकला. मीही हसले. थोड्या वेळाने काकांनीच विचारले, “बरं, कॉलेजात काय करतेस?” मी सांगितले, “बी.ए.” यावर काका काही बोलले नाहीत, नुसते गालातल्या गालात हसले. पहिल्या हशापेक्षा हे दुसरे हसणे मला अधिक लागले. वाचकहो, हा लेख म्हणजे त्या दोन्ही हसण्यांना उशिरा सुचलेले उत्तर आहे. वडीलधाऱ्यांना तोंडावर उत्तर देऊ नये असे आमच्यावर संस्कार आहेत. वार्षिक अंकात देऊ नये असे मात्र कोणी सांगितलेले नाही.

आधी माझ्या उद्योगाविषयी. बारावीनंतर घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबले आणि मी मामाकडे डोंबिवलीला गेले. तिथल्या एका व्यायामशाळेत दारातल्या टेबलावर बसून नावे लिहून घेण्याचे काम मिळाले. पुढे तेथेच सामूहिक सायकलिंगचा वर्ग घेण्याचे शिक्षण मिळाले आणि दीड वर्ष मी तो वर्ग घेतला. एका बंद खोलीत वीस सायकली ओळीने मांडलेल्या. सायकली कसल्या, त्यांचे सांगाडेच! पुढे एकच जड चाक, तेही जमिनीपासून अधांतरी. शिकवणारी समोर, शिकणारे तिच्याकडे तोंड करून, कानठळ्या बसवणारे संगीत आणि पंचेचाळीस मिनिटे अखंड पायडल! पहिली पाच मिनिटे पाय सैल करायचे, मग सपाटी, मग चढ, मग उतार, पुन्हा चढ, आणि शेवटी हळूहळू थंड व्हायचे. चढ कुठला आणि सपाटी कुठली? सायकलीवर एक खुंटी असते. ती उजवीकडे पिळली की चाकावरचा ताण वाढतो, हाच चढ. उलटी पिळली की उतार. अख्खा कुंभार्ली घाट त्या एका खुंटीत मावतो!

हे खूळ नवे आहे असे समजण्याचे कारण नाही. १७९६ साली लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स याने हातापायांनी चालवायच्या, जागच्या जागी फिरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. म्हणजे खरी सायकल रस्त्यावर येण्याच्या कितीतरी आधी न हलणारी सायकल जन्माला आली होती! १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरच्या व्यायामशाळेतही अशा सायकली होत्या. संगीताच्या तालावर सर्वांनी मिळून चालवण्याची आजची पद्धत मात्र मूळचा दक्षिण आफ्रिकेचा जॉनी गोल्डबर्ग याने १९८०च्या दशकात अमेरिकेत सुरू केली. लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी घरात करता यावी म्हणून त्याने गॅरेजमध्ये स्वतःची सायकल जुळवली, आणि त्यातून पुढे जगभर वर्ग निघाले.

आता काकांचा आक्षेप घेऊ. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही, हे मी हिशेब करून सांगते. साधारण धडधाकट माणूस सायकलवर सतत शंभर वॅटच्या आसपास शक्ती लावू शकतो. वीस माणसांनी पंचेचाळीस मिनिटे पायडल मारले तर फार तर दीड युनिट वीज होईल. तीही होत नाही. चाकावरच्या घर्षणात तिची ऊब होऊन जाते. आणि त्याच पाऊण तासात खोलीतली दोन वातानुकूलन यंत्रे, दिवे आणि ते संगीत याहून अधिक वीज खाऊन टाकतात! म्हणजे बैल तेल काढतो, आम्ही उलट तेल जाळतो.

पण हा हिशेब करताना मला माझे गाव आठवले. अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे वीजगृह आहे. कृष्णेकडे, म्हणजे पूर्वेकडे जाणारे कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला आणायचे, पोफळीच्या वीजगृहातून काढून कोळकेवाडीच्या धरणात अडवायचे, तेथून अलोऱ्याला पुन्हा वीज करायची आणि मग वाशिष्ठीत सोडायचे, अशी ही योजना. अलोऱ्याच्या वीजगृहात ८० मेगावॅटचे चार संच आहेत. एकेका संचाची बरोबरी करायला आमच्यासारखी आठ लाख माणसे एकाच वेळी सायकलवर बसवावी लागतील. माझे बाबा या प्रकल्पावर नोकरीला होते. जुनी मंडळी विजेचे मोजमाप सेकंदाला ‘पन्नास सायकल’ असे सांगत. लहानपणी मला वाटे, आत डोंगरात खरोखरच पन्नास माणसे सायकल मारीत असावीत!

त्या वीजगृहातली चाके तरी कुठे जातात? तीही जागच्या जागीच फिरतात, बंद जागेत, कोणाच्या दृष्टीस न पडता. त्यांना कोणी घाण्याचा बैल म्हणत नाही, कारण तिथून एक तार बाहेर जाते. मग चाक हलते की नाही हा मुद्दाच नव्हे. त्याला जोडलेली तार बाहेर कुठे जाते का, हा खरा प्रश्न.

शहरातला तो वर्ग मी सोडला तेव्हा त्याविषयी माझे मत फारसे चांगले नव्हते. भिंतीवरच्या आरशात स्वतःकडे पाहत घाम गाळणाऱ्या माणसांचा मला थोडा कंटाळाच आला होता. पण दोन गोष्टी तिथे मी शिकले आणि त्या मला मोलाच्या वाटतात.

पहिली ही, की त्या खोलीत कोणी मागे राहत नाही. रस्त्यावर दहा जणांनी सायकली काढल्या तर दमदार गडी पाच मिनिटांत वळणाआड जातो आणि दमेकरी मागे धापा टाकीत राहतो. पुढच्या वेळी तो येतच नाही. खोलीत मात्र साठ वर्षांच्या आजी आणि वीस वर्षांचा पहिलवान शेजारी शेजारी बसतात, एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी पोचतात. ज्याची शक्ती त्याच्या खुंटीत.

दुसरी गोष्ट पहिलीच्या पोटातली. ती खुंटी कोणी खरोखर पिळली आणि कोणी पिळल्याचे नाटक केले, हे समोर बसलेल्या शिक्षिकेला नक्की कळत नाही. “चढ आला, ताण वाढवा!” असे मी ओरडले की वीस हात खुंटीकडे जात. त्यांतले काही नुसतेच तिला गोंजारून परत येत. तोंडे मात्र सगळ्यांची सारखीच वेडीवाकडी! महिन्यामागून महिने असे बिनताणाचे पाय फिरवून “काही फरक पडत नाही हो” म्हणणारे मी पाहिले आहेत. वर्ग सगळ्यांचा असतो, ताण ज्याचा त्याने लावायचा असतो.

दोन वर्षांपूर्वी मी अलोऱ्याला परत आले ती आईच्या आजारपणामुळे. तिला साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालायचे कुठे? चिपळूण-कराड रस्त्यावर घाटाकडे जाणाऱ्या ट्रकांची रीघ. कॉलनीतले आतले रस्ते शांत, पण ते आता नको तितके शांत आहेत. ज्या वसाहतीत एके काळी पाळी सुटली की सायकलींच्या घंट्यांनी रस्ता दुमदुमे असे बाबा सांगतात, तिथे कितीतरी क्वार्टरांना कुलपे लागली आहेत आणि दारांत रान माजले आहे. पावसाळ्याचे चार महिने तर बाहेर पडण्याची सोयच नाही. आणि खरे कारण आई शेवटी सांगते: “या वयात रस्त्यावर हात हलवीत फिरताना लोक बघतात ग.”

तेव्हा मला बाबांची सायकल आठवली. लहानपणी ती पडवीत स्टँडवर उभी असे आणि आम्ही भावंडे तिच्यावर चढून पायडल मारीत असू. मागचे चाक गरगर फिरे, डायनॅमो टायरला लावला की पुढचा दिवा उजळे. आमची पहिली जागच्या जागी सायकल तीच! मी गावातल्या वेल्डरकडून दोन लोखंडी घोड्या करून घेतल्या, त्यांत दोन जुन्या सायकली मागच्या चाकाने बसवल्या आणि टायरवर ताण यावा म्हणून पट्टा आवळण्याची सोय केली. मुंबईहून कोणी मोडीत काढलेली व्यायामाची सायकलही मिळाली. उत्सवमंडळाच्या ज्या खोलीत वर्षभर गणपतीच्या मखराचे सामान पडून असते तिथे आमचा वर्ग सुरू झाला. तीन सायकली, सात बायका. तिघी चालवणार, चौघी टाळ्या वाजवणार; मग अदलाबदल.

पहिल्या दिवशी शेजारच्या काकू पिशवीतून पंजाबी ड्रेस घेऊन आल्या. जन्मात पहिल्यांदा तो घातला आणि जाताना पुन्हा साडी नेसून गेल्या. सीट कमरेच्या हाडाइतकी उंच हवी, पायडल खाली गेले तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, हे समजावताना हसून हसून पुरेवाट झाली. त्या सातही जणींपैकी एकीनेही आयुष्यात सायकल चालवलेली नव्हती. प्रत्येकीचा भाऊ चालवत होता. चार महिन्यांत आईची साखर आटोक्यात आली, ती जिना न थांबता चढू लागली. पथ्य आणि गोळ्याही होत्याच. सगळे श्रेय मी सायकलीला देत नाही. पण एका संध्याकाळी घाम पुशीत तिने जे विचारले, त्याचे श्रेय मात्र सायकलीलाच द्यावे लागेल.

“काय ग, ही घोडीवरून खाली काढली तर पुढे जाईल का?”

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बाबांची सायकल घेऊन कॉलनीतल्या आतल्या रस्त्यावर गेलो. मागे कॅरिअर धरून मी धावत होते. पायांत बळ चांगलेच आले होते, त्यामुळे आई भलतीच वेगात निघाली; माझ्या हातून कॅरिअर सुटले; आणि समोर वळण आल्यावर ती थेट करवंदीच्या जाळीत शिरली! ओरखड्यांपलीकडे काही झाले नाही, देवाची कृपा. बाहेर येऊन पदर सावरीत ती म्हणाली, “थांबायचं कसं ते तू शिकवलंच नाहीस.”

वाचकहो, चार महिने शिकवून मी मूळ गोष्टच शिकवली नव्हती. खोलीत ब्रेक लागत नाही, तोल सांभाळावा लागत नाही, समोरून म्हैस येत नाही. खोलीने पायांना बळ दिले आणि मनातली लाज घालवली. बाकीचे सारे रस्त्यावरच शिकायचे होते. ती चूक माझी. मात्र खोलीतले चार महिने नसते, तर आई त्या रस्त्यावर आलीच नसती.

आता काकांच्या दुसऱ्या हसण्याकडे वळते. आमचा बी.ए.चा वर्ग म्हणजे तरी काय? बंद खोली, समोर एक सांगणारा, ओळीने बसलेले आम्ही. तीन वर्षे पाय फिरवतो, जागचे हलत नाही. इथेही हुशार आणि सामान्य शेजारी शेजारी बसतात आणि कोणी मागे सुटत नाही. हे या वर्गाचे मोठेपणच आहे. इथेही खुंटी ज्याच्या त्याच्या हातात आहे. मूळ पुस्तक वाचले की परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड चाळले, हे सरांना नक्की कळत नाही, आपल्याला कळते. बिनताणाचे पाय फिरवून “बी.ए. करून काय उपयोग?” म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत. पण सगळा दोष विद्यार्थ्यांवर ढकलणेही अन्यायाचे होईल. समाजशास्त्र शिकताना आम्ही गावातल्या एकाही घराची पाहणी केली नाही, इतिहास शिकताना गोविंदगड दुरूनच पाहिला. तोल आणि ब्रेक शिकवायला कोणीतरी घोडी सोडवून चाक जमिनीला टेकवायला हवे ना?

असे घडू शकते याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेची मोठी चळवळ झाली. त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांच्या जोडीला सायकलही घेतली. हजारो ग्रामीण स्त्रिया अक्षरे आणि सायकल एकाच वेळी शिकल्या. टवाळी त्यांचीही झाली. पण पाणी आणायला, बाजारात माल न्यायला, मुलांना शाळेत सोडायला त्यांना कोणाची वाट पाहावी लागेना. वर्गातून निघालेली तार अशी घरापर्यंत पोचली.

म्हणून शेवटी एक मागणी करते. जिमखान्याची खोली आठवड्यातून तीन दिवस, एक तास, फक्त मुलींसाठी उघडी ठेवावी. दोन जुन्या सायकली आणि दोन घोड्या मी आणून देते. वर्गही घेते, फी नको. आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी त्याच सायकली घोडीवरून काढून आपण सर्वांनी, प्राध्यापकांसह, रस्त्यावर न्याव्यात. सर्वांत मागे राहील तिच्या वेगाने सगळ्यांनी चालवायचे, एवढा एकच नियम.

आई आता वळणावर ब्रेक लावते. परवा ती कॉलनीतून मुख्य रस्त्याच्या तोंडापर्यंत एकटी जाऊन आली. येताना पिशवीत भाजी होती. ओटीवर नेमके तेच काका बसले होते. आईने सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाली, “भावोजी, चहा घेणार ना?” काका काही बोलले नाहीत, आणि या वेळी ते हसलेही नाहीत.