दुखत नाही, म्हणून बघत नाही

मे महिन्यात सुट्टीला मालवणला गेलो होतो. जुम्म्याची नमाज आटोपून मामू घरी आले आणि फरशीवर त्यांच्या उजव्या पावलाचे लाल ठसे उमटले. तळव्यात कालवाच्या शिंपीचा तुकडा रुतला होता. सकाळी ते मासळी आणायला किनाऱ्यावर अनवाणी गेले होते. म्हणजे दुपारपर्यंत तो तुकडा घेऊनच फिरले, वुजूही केला, आणि त्यांना कळलंच नाही. "दुखत नाही रे, काही होत नाही," म्हणत त्यांनी हळद दाबली. महिन्याभरात एक बोट काढावं लागलं. मामूंना बारा वर्षांपासून शुगर आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हरकडून एरर आली तर आम्ही कामाला लागतो, पण तो एकदम गप्प झाला तर जास्त घाबरतो. मधुमेहात पायाचं असंच होतं. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की शरीरातल्या सगळ्यात लांब नसा आधी बधिर होतात, आणि त्या पायापर्यंत जाणाऱ्या असतात. वेदना म्हणजे शरीराची धोक्याची घंटा. तीच बंद पडते. त्यात रक्तपुरवठाही कमी झाला, तर छोटी जखम भरत नाही, चिघळते.

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. आयसीएमआरच्या पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही, आणि प्रमाणात पहिला नंबर गोव्याचा, 26.4 टक्के. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तिथलं आणि आपलं खाणंपिणं, राहणीमान फार वेगळं नाही.

आपल्याकडे शिबिरं होतात, बोटाला सुई टोचून साखर मोजतात. पण मी पाहिलेल्या एकाही शिबिरात कुणी पायातले मोजे काढायला सांगितले नाहीत. आणि आपण तर दिवसातून पाच वेळा पाय धुणारी माणसं! बोटांच्या बेचक्यांत करंगळी फिरवून खिलाल करतो. म्हणजे हात रोज तिथे पोचतो, फक्त नजर पोचत नाही. वुजू करताना तळवा एकदा उलटा करून बघायचा आणि नंतर बेचकी कोरडी पुसायची, इतकंच वाढवायचं आहे. पावसाळ्यात तर हे हवंच. ओल्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि तिथूनच जंतू आत शिरतात.

मशिदीच्या कमिट्यांनीही थोडं करावं. वुजूखान्यात चांगला दिवा, बसायला ओटा, वापरायला स्वच्छ चपला, एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या लादीवर चटई. पायाला जखम असेल आणि डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हटलं असेल, तर पट्टीवरून मसह करण्याची मुभा आहे. हे इमामसाहेबांनी जुम्म्याला एकदा सांगितलं, तर अनेक बुजुर्गांचा संकोच जाईल.

आणि आपण तरुणांनी? आज घरी एक तपासणी करा. अम्मी-अब्बांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबू नका, गुदगुल्या करू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडे न्या. सगळं कळलं, तरी वर्षातून एकदा पाय तपासून घ्या. कुरूप घरी ब्लेडने कापू देऊ नका, गरम पाण्याचा शेक देऊ देऊ नका, अनवाणी फिरू देऊ नका. जखम, फोड किंवा काळसर डाग दिसला, तर दुखायची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

मामूंना वाकून तळवा बघता येत नाही. आता रोज रात्री इशाच्या वुजूनंतर त्यांचा नातू मोबाईलचा टॉर्च लावून बघतो. दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं आधी कुणीच दिली नाहीत, मीसुद्धा नाही, याची खंत मला आहे.