दाणा धरणारा माणूस

माळशिरस तालुक्यात ऊस आणि कारखाना हेच जगणं. सासवडहून नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आलेल्या माळी शेतकऱ्यांनी 1932 मध्ये माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला, पुढे अकलूजला सहकारी कारखाना आला. ज्याने साखर कारखान्याचा पॅन विभाग, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा धरवण्याची जागा, पाहिला आहे, त्याला ‘क्वाएट क्विटिंग’, म्हणजे नोकरी न सोडता नेमून दिल्यापुरतंच काम करणं, समजावून सांगावं लागत नाही. पॅनमन उकळत्या पाकाचा नमुना काचेवर घेतो, उजेडासमोर धरतो, दाणा कुठवर आला ते ओळखतो. हे करताना किती वेळा वाकायचं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं. पगार महिनोन् महिने थकला, हंगामी माणूस वर्षानुवर्षं हंगामीच राहिला, की हे वाकणं कमी होतं. हजेरी पूर्ण, नोंदवही पूर्ण, फक्त साखरेचा दाणा बारीक येतो. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलरने 1911 मध्येच कामगारांच्या मुद्दाम हळू काम करण्यावर लिहिलं होतं. त्याचा उपाय घड्याळ आणि मोजमाप. आमचे व्यवस्थापकही तिकडेच वळतात: अंगठ्याची हजेरी, कारणे दाखवा नोटीस, पाळीबदल. मला हे चूक वाटतं, आणि त्रासही होतो. अंगठा मशीनवर ठेवायला लावता येतो, नजर काचेवर ठेवायला लावता येत नाही. मुकादमाने आधी त्या माणसाजवळ बसावं, थकलेल्या पगाराची तारीख त्याला खरी सांगावी, आणि ती पाळावी.