समृद्धीलगतच्या महाविद्यालयांना सराव केंद्रे द्यावीत

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : जालना, बुलढाणा व वाशीम येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अपघात-उपचारांचे सराव केंद्र सुरू करणेबाबत

महोदय,

आम्ही लखनौत काम करणारे मराठी डॉक्टर. येथील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात ट्रॉमा सेंटरच्या जोडीला कौशल्य-प्रशिक्षणाची सोय आहे आणि ‘एटीएलएस’ हा अपघातग्रस्तांवरील तातडीच्या उपचारांचा अभ्यासक्रम मॅनिकिनवर, म्हणजे मानवी पुतळ्यावर, शिकवला जातो. एवढे असूनही २०२२ साली रस्ते अपघातांत सर्वाधिक, म्हणजे २२,५९५ बळी उत्तर प्रदेशातच गेले, असा आक्षेप निघेल. अपघात टाळणे हे डॉक्टरच्या हातात नाही, हे तर खरेच. पण राजधानीतले केंद्र दूरच्या जिल्ह्याला पुरत नाही, हेही त्यातून दिसते. महाराष्ट्रात त्याच वर्षी १५,२२४ माणसे दगावली. म्हणून आमची मागणी मुंबई-पुण्यासाठी नाही. समृद्धी महामार्ग ज्या जिल्ह्यांतून जातो, त्यांपैकी जालना, बुलढाणा व वाशीम येथील महाविद्यालयांचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तिथली घडी अजून बसायची आहे, तेव्हाच तिथे सराव केंद्रे सुरू व्हावीत.

‘रुग्ण भरपूर आहेत, हात आपोआप बसतो’ हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. छातीत हवा कोंडून फुप्फुस दबलेला जखमी आला की ती हवा काढणारी सुई टोचायला काही मिनिटेच मिळतात. तिथे शिकाऊपणाची किंमत रुग्ण मोजतो. शिवाय शास्त्र बदलते. ही सुई पूर्वी हंसळीखाली, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधे टोचत. ‘एटीएलएस’च्या २०१८ च्या आवृत्तीने प्रौढांसाठी काखेखालची, बरगड्यांमधल्या चौथ्या वा पाचव्या फटीतली जागा सांगितली. जुन्या डॉक्टरांचा हातही त्यामुळे पुन्हा वळवावा लागतो. मॅनिकिनवरचे कौशल्य माणसावर उतरते का, ही शंका रास्त आहे. येल विद्यापीठात २००२ साली सोळा निवासी डॉक्टरांवर झालेल्या चाचणीत, आभासी सराव केलेल्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के लवकर केले आणि चुकाही बऱ्याच कमी केल्या. चाचणी लहान होती, हे मान्य. पण सराव न देण्याच्या बाजूने तेवढाही पुरावा नाही.

राहिला खर्च. टाके घालणे फोमवर आणि छातीत नळी घालणे खाटकाकडच्या बरगड्यांवरही शिकता येते. महागडी यंत्रे आणून खोलीला कुलूप लावण्यापेक्षा पूर्णवेळ प्रशिक्षक नेमणे अधिक गरजेचे.

तरी या तीन महाविद्यालयांत प्रशिक्षकांची पदे मंजूर करावीत, आंतरवासी डॉक्टरांना अपघात विभागात पाठवण्याआधी हा सराव सक्तीचा करावा आणि ग्रामीण रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही दर दोन वर्षांनी तिथे बोलवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
लखनौतील मराठी डॉक्टर