भुकेला उन्हाळी सुट्टी नसते

एप्रिल-मे महिन्यांत देशातील सरकारी शाळांना कुलपे लागतात, आणि त्याच दिवशी शाळेतली चूलही विझते. सुस्थित घरांमध्ये या सुमारास पोहण्याचे वर्ग, चित्रकला, नाट्यशिबिरे यांची चर्चा चालू असते. त्यांचे शुल्क हजारोंच्या घरात असते. शेतमजूर, बांधकाम मजूर किंवा धुणीभांडी करणारी स्त्री यांच्यापुढील प्रश्न निराळाच असतो. आईबाप कामावर गेल्यावर मूल दिवसभर राहणार कोठे, आणि दुपारी खाणार काय?

ही अवस्था निसर्गाने लादलेली नाही. ती कायद्यातच लिहिलेली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना मोफत मध्यान्ह भोजनाचा हक्क दिला; पण त्याच वाक्यात शाळेच्या सुट्टीचे दिवस वगळले. म्हणजे मुलाचा हक्क पोटाशी नव्हे, शाळेच्या घंटेशी बांधला गेला!

वस्तुतः सुट्टीतील भोजनाचे तत्त्व देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अंशतः का होईना, केव्हाच मान्य केले आहे. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळांत वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. २० एप्रिल २००४ रोजी दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही भोजन द्यावे, असा आदेश झाला. मे २०१६ मध्ये महाराष्ट्रासह दुष्काळाने होरपळलेल्या राज्यांसाठी न्यायालयाला तेच पुन्हा बजावावे लागले. परंतु दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यातील मुलाला भूक लागते आणि शेजारच्या तालुक्यातील मुलाला लागत नाही, असे कोणते शास्त्र सांगते? भूमिहीनाच्या घरी दुष्काळ जाहीर व्हावा लागत नाही.

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. मे २०२५ पासूनच्या दरानुसार प्राथमिक वर्गातील मुलामागे रोजचा स्वयंपाकखर्च ६ रुपये ७८ पैसे आणि धान्य १०० ग्रॅम धरलेले आहे. चाळीस दिवसांचा हिशेब मांडला तर एका मुलामागे २७१ रुपये २० पैसे आणि चार किलो धान्य! हा दर मुळातच अपुरा आहे. तो वाढलाच पाहिजे. पण एवढेही देण्यास सरकारचा हात आखडतो. २०२५ मध्ये अन्न महामंडळाच्या गोदामांत तांदळाचा साठा राखीव निकषापेक्षा कितीतरी अधिक होता. महामारीच्या काळात, मे २०२१ मध्ये, केंद्राने ११.८ कोटी मुलांसाठी एकवेळची सुमारे १,२०० कोटी रुपयांची मदत जाहीर केली; वाट्याला आले मुलामागे जेमतेम शंभर रुपये. याउलट केरळ सरकारने २०२३ मध्ये उन्हाळी सुट्टीपूर्वी योजनेतील मुलांना प्रत्येकी पाच किलो तांदूळ दिला. म्हणजे शाळा बंद असतानाही मुलापर्यंत पोहोचता येते. अडते ते इच्छेपाशी.

सुट्टीचा दुसरा घाव बसतो तो शाळेत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांवर. २००९ पासून केंद्राने ठरवलेले मानधन महिना १,००० रुपये, आणि तेही वर्षातील दहाच महिने. काही राज्ये आपल्या तिजोरीतून भर घालतात. पण केंद्राचा आकडा हललेला नाही. योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता व किमान वेतन द्यावे, अशी शिफारस २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने केली. एवढ्या मोबदल्यात राबवून घेणे ही वेठबिगारी होय, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटले. मुलांचे बारमाही भोजन आणि या स्त्रियांचे बारमाही वेतन या दोन मागण्या नाहीत. ती एकच मागणी आहे. ज्या चुलीवर मुलाचे अन्न शिजते, तिच्यावरच या स्त्रीचा संसारही अवलंबून आहे.

केवळ भात-आमटी देऊन मात्र भागणार नाही. सुट्टीत शाळेच्या खोल्या, मैदान, ग्रंथालयाचे कपाट सारे पडून असते, आणि मुले उन्हात वणवण फिरतात किंवा वीटभट्टीवर हातभार लावतात. सकाळी सात ते साडेदहा खेळ, वाचन, गाणी, विज्ञानाचे प्रयोग आणि शेवटी जेवण, एवढी व्यवस्था गावोगावी शक्य आहे. शिक्षकांची सुट्टी हिरावण्याचे कारण नाही. स्थानिक संस्थांनी सुशिक्षित बेकार तरुणांना मोबदला देऊन हे काम सोपवावे. केरळमध्ये बालसंघमच्या मुलांचे ‘वेनलतुंबी’ कलापथक उन्हाळ्यात गावोगाव फिरते. कष्टकऱ्यांच्या मुलांची सुट्टी रिकामी असलीच पाहिजे असे नाही, हे त्यातून दिसते.

काही साथी विचारतील : मग पक्षशाखांनी अन्नछत्रे उघडावयाची काय? नाही. दानधर्माने हक्क मिळत नाहीत. परंतु जी शाखा वस्तीतील पन्नास मुलांचे शिबिर चालवील, तिच्याशी पन्नास आया बोलू लागतील, आणि त्याच आया उद्या मोर्चाने पंचायत समितीवर जातील. शिबिर हा मागणीचा पर्याय नव्हे, तिची सुरुवात आहे.

म्हणून महिला, युवक व कामगार आघाड्यांनी पुढील मागण्या घेऊन उठले पाहिजे :

१. अन्न सुरक्षा कायद्यातील सुट्टीची अट रद्द करा.
२. स्वयंपाकी कर्मचाऱ्यांना बारा महिन्यांचे किमान वेतन द्या.
३. सुट्टीत शाळांच्या इमारती, मैदाने व ग्रंथालये मुलांसाठी खुली करा.

पुढची परीक्षा संपण्यापूर्वी या मागण्या प्रत्येक वस्तीत पोहोचल्या पाहिजेत. कारण कुलूप शाळेला लागते, पोटाला नाही.