'असंच असतं' हे उत्तर नव्हे!

एफ.ई.च्या कुठल्याही मुलाला विचारा, सगळ्यात जास्त धसका कशाचा? उत्तर ठरलेलं आहे. ड्रॉइंग, मेकॅनिक्स आणि सी लँग्वेज! त्यातल्या त्यात ड्रॉइंगची शीट जीटी मारून पूर्ण होते. सीचा प्रोग्रॅमही जर्नलमध्ये उतरवता येतो. पण प्रॅक्टिकलला मशीनसमोर बसलं की ते मशीन कुणाचं काही ऐकत नाही. ना ओळखीचं, ना वशिल्याचं!

मग प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर प्रश्नांचा पाऊस पडतो. "ताई, स्कॅनएफला ते & कशाला?" "ॲरे शून्यापासून का?" "रिटर्न झिरो म्हणजे शून्य कोणाला परत द्यायचा?" आणि या प्रश्नांना वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळत आलंय : "असंच असतं. लिहून घे."

मित्रांनो, माझं मत स्पष्ट आहे. हे उत्तर आता बंद झालं पाहिजे. कारण हे प्रश्न वेडगळ नाहीत. उलट सी शिकण्यासारखं जे काही आहे ते याच प्रश्नांमध्ये आहे. पटत नसेल तर एकेक घेऊन बघू.

पहिला, & चा. तुमच्या रूममध्ये काय सामान आहे हे कुणाला सांगायचं असेल तर यादी दिली की झालं. प्रिंटएफचं काम तेवढंच. त्याला किंमत कळली, त्याने छापली. पण कुरिअरवाल्याला पार्सल ठेवायचं असेल तर त्याला सामानाची यादी देऊन काय उपयोग? त्याला रूम नंबर लागतो. स्कॅनएफ हा कुरिअरवाला आहे आणि & म्हणजे रूम नंबर. सीमध्ये फंक्शनला व्हेरिएबल दिलं की त्याची फक्त कॉपी जाते. मूळ डब्यात काही टाकायचं तर पत्ताच द्यावा लागतो. मग स्ट्रिंग घेताना & का नको? कारण तिथे ॲरेचं नाव हाच पहिल्या डब्याचा पत्ता धरला जातो. बघा, एका चिन्हाच्या प्रश्नातून अर्धा पॉइंटर्सचा चॅप्टर संपला!

दुसरा, शून्याचा. ॲरेचं नाव म्हणजे सुरुवातीचा पत्ता, आणि कंसातला आकडा म्हणजे तिथून किती डबे पुढे जायचं ते. पहिल्या डब्यासाठी किती पुढे जायचं? शून्य. आपल्याकडे बिल्डिंगमध्ये तळमजला आधी असतो आणि त्याच्या वर पहिला. तळमजल्यावरच्याला किती जिने चढावे लागतात? शून्य. म्हणजे ही पद्धत आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, फक्त कुणी जोडून दाखवत नाही. आणि ही काही ब्रह्मदेवाने लिहिलेली रेघ नाही. फोरट्रानचा ॲरे सहसा एकपासून मोजतात, मॅटलॅबचाही. सी बनवणाऱ्यांनी डब्याचा नंबर न धरता अंतर धरलं, एवढंच.

तिसरा प्रश्न पॉइंटरचा. "पॉइंटर डिक्लेअर तर केला, मग त्यात व्हॅल्यू टाकली की प्रोग्रॅम का उडतो?" याला उदाहरण शोधायला कोनच्या बाहेर जायला नको. म्हाडाने २०१६ साली आपल्या इथल्या २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी काढली. यादीत नाव लागलं, पण किल्ली हातात पडायला वर्षानुवर्षं गेली. मध्येच कोरोना आला आणि त्याच इमारतींमध्ये क्वारंटाईन सेंटर झालं. त्या कुटुंबांपैकी कुणालाही 'पत्ता असणं आणि घर असणं यात फरक काय' हे समजावून सांगावं लागणार नाही. नुसता डिक्लेअर केलेला पॉइंटर म्हणजे पत्ता लिहायचा कागद. त्यावर खऱ्या घराचा पत्ता येईपर्यंत तिथे सामान नेऊन टाकलं तर ते कुणाच्या दारात पडेल याचा नेम नाही.

चौथा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. "इंट दोन बाईटचा की चार?" जुनं पुस्तक म्हणतं दोन, मशीन म्हणतं चार, आणि ओरलला काय सांगायचं ते समोर कोण बसलंय त्यावर! खरं म्हणजे सीच्या स्टँडर्डमध्ये एकच आकडा ठरवलेला नाही. कमीत कमी किती मावलं पाहिजे तेवढं सांगितलंय, बाकी कंपायलरवर सोडलंय. टर्बो सीमध्ये दोन बाईट, त्यामुळे ३२,७६७ च्या पुढे गाडी जात नाही. आठचं फॅक्टोरियल ४०,३२०, पण स्क्रीनवर येतं उणे २५,२१६! आजच्या जीसीसीवर सहसा चार बाईट असतात आणि बाराचं फॅक्टोरियल बरोबर येतं, ४७,९०,०१,६००. तेराचं मात्र यायला हवं ६,२२,७०,२०,८०० आणि येतं साधारण १,९३,२०,५३,५०४. गंमत बघा, उणे आलं असतं तर निदान शंका आली असती. हा आकडा तर दिसायला अगदी सज्जन आहे. जर्नलमध्ये बिनधास्त चिकटवला जातो आणि सहीसुद्धा मिळते!

हे फक्त जर्नलपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण २०१५ साली अमेरिकेच्या विमान खात्याने बोइंग ७८७ बद्दल सूचना काढली होती. जनरेटरच्या कंट्रोल युनिटमधला सॉफ्टवेअरचा काउंटर सलग २४८ दिवस चालू राहिला की ओव्हरफ्लो होतो आणि विमानाची वीज जाऊ शकते, म्हणून अधूनमधून ते बंद करून चालू करा, असं त्यात होतं. 'आकडा डब्यात मावला नाही तर काय होतं' हा एफ.ई.चा प्रश्न. उत्तर आकाशात असतानासुद्धा लागतं.

आता पाचवा. "दहाचा ॲरे आणि अकरावा लिहिला, तरी एरर का नाही?" डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये सी बनवली, तेव्हा हाताशी असलेल्या पीडीपी-११ मशीनच्या मेमरीत आज मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा मावला नसता. दरवेळी सीमा तपासत बसायला वेळ लागतो, जागा लागते. म्हणून सीने ठरवलं की प्रोग्रॅमरवर विश्वास ठेवायचा. या विश्वासामुळे सी वेगवान झाली, १९७३ मध्ये युनिक्स तिच्यात नव्याने लिहिलं गेलं, पुढे लिनक्सही तिच्यातच आलं. पण किंमतही मोजावी लागली. १९८८ चा मॉरिस वर्म ज्या वाटांनी मशीनमध्ये शिरला त्यातली एक वाट होती 'गेट्स' फंक्शनची, जे किती अक्षरं येतायत ते बघतच नाही. २०११ च्या स्टँडर्डमधून ते काढून टाकलं, तरी जुन्या जर्नलांमधून ते अजून पिढ्यान्‌पिढ्या उतरतंय! २०१४ ला हार्टब्लीडमध्ये तीच गोष्ट, समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता मेमरी वाचून दिली. रस्ट नावाच्या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली ती मुख्यतः याच दुखण्यावर औषध म्हणून, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये लिनक्सच्या कर्नेलनेही तिला दार उघडलं. म्हणजे आपल्या हॉस्टेलवरच्या पोराला रात्री बारा वाजता पडलेला प्रश्न जगातल्या मोठमोठ्या लोकांनाही पडला होता. त्यांनी 'असंच असतं' म्हटलं नाही. नवी भाषा काढली.

याउलट आपण विचारतो काय? आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय यांची बेरीज! एकाच ओळीत एकच व्हेरिएबल दोनदा बदललं तर काय येईल हे सीच्या स्टँडर्डने ठरवलेलंच नाही. एका कंपायलरवर एक उत्तर, दुसऱ्यावर दुसरं, आणि दोन्ही कंपायलर बरोबर. ज्या प्रश्नाला उत्तरच नाही तो क्वेश्चन बँकेत मार्कांसहित छापलेला असतो, आणि ज्यांना सुंदर उत्तरं आहेत ते वर्गात विचारायची चोरी!

चोरी का, तर भाषेमुळे. हे मी जरा हक्काने लिहिते, कारण माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. इंग्रजीत हात वर करून विचारणं मला जड जात नाही. पण गेली दोन-तीन वर्षं मी बघतेय, सगळ्यात चांगले प्रश्न महाड, कर्जत, बीड, लातूरकडून आलेल्या मराठी मीडियमच्या पोरांना पडतात. ज्याला इंग्रजी सफाईने येतं त्याला 'डिक्लेअर' आणि 'इनिशियलाइझ' हे शब्द ओळखीचे वाटतात आणि ओळखीचा शब्द म्हणजे समजलेली गोष्ट, असं वाटून तो पुढे जातो. ज्याला तो शब्द नवा आहे तो तिथे अडतो, म्हणजे काय, असं स्वतःला विचारतो. आणि मग गप्प बसतो, कारण हे इंग्रजीत विचारताना एक चूक झाली तर मागच्या बाकावरून हशा येणार हे त्याला माहीत असतं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' आपल्या हॉस्टेलवर इतकं झिजतं त्याचं कारण माझ्या मते हेच, त्यातलं इंग्रजी कुणाला घाबरवत नाही. पुण्याकडच्या पिंपरी-चिंचवड कॉलेजात २०२१ साली मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरू झालं. आपल्याकडे सगळा कोर्स मराठीत करा असं माझं म्हणणं नाही. नोकरीत इंग्रजी लागणारच. प्रश्न तरी मराठीत विचारू द्या, एवढंच.

सर आणि मॅडम म्हणतील, "सिलॅबस कोण पूर्ण करणार?" अडचण खरी आहे. एका बॅचला दोन तास, त्यात अटेंडन्स, जर्नल आणि बंद पडलेली मशीन्स. पण & समजावायला पाच मिनिटं लागतात, आणि न समजलेलं & पुढे डेटा स्ट्रक्चर्सला अख्खी सेम खातं. मग केटी लागते ती वेगळीच. कुणी म्हणेल, आता चॅटजीपीटी आहे की, त्याला विचारा. विचारा, जरूर विचारा, मराठीतही विचारा. पण ते तुमच्या बाजूला बसून "थांब, तू नक्की कुठे अडलास?" असं तुमच्या चेहऱ्याकडे बघून ओळखत नाही. शिवाय प्रश्न विचारायची सवयच मोडली असेल तर त्याला तरी काय विचारणार? प्रोग्रॅमच लिहून मागणार, आणि पुन्हा जर्नल!

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवते. एक, लॅबमध्ये एक दोनशेपानी प्रश्नवही टांगा. नाव नको, भाषा कुठलीही, आणि प्रत्येक प्रॅक्टिकलची पहिली दहा मिनिटं त्यातल्या दोन प्रश्नांना. दोन, ओरलला मुलांनी एक प्रश्न एक्झामिनरला विचारायचा आणि त्या प्रश्नालाही मार्क. तीन, जर्नल तपासताना आउटपुट बरोबर आहे का यासोबत 'तेरा टाकून बघितलं का?' एवढं विचारा.

आणि सीनियर्स हो, आपल्यासाठी चौथी. रात्री कुणी दार वाजवून "दादा, एक वेडा प्रश्न विचारू?" म्हणालं, तर त्याला आत घ्या. येत असेल तर सांगा, येत नसेल तर दोघं मिळून मशीनवर चालवून बघा. फक्त 'असंच असतं' म्हणू नका. सीमध्ये बहुतेक गोष्टींना कारण आहे, आणि ज्यांना नाही त्या कुणीतरी ठरवल्यात. कुणी ठरवलं आणि का, हे विचारायला लागलो की आपण खरे इंजिनिअर व्हायला लागलो!