एक पडदा, दोन व्यवहार

संस्कृत ग्रंथांत देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय प्रसिद्ध आहे. उंबऱ्यावर ठेविलेला दिवा आंतील खोली उजळतो आणि बाहेरील अंगणही उजळतो. एका तेलांत दोन कामें होतात. संगणकाचा जो सपाट मॉनिटर टीव्हीसह विकत मिळतो, तो या न्यायाचें चालतें-बोलतें उदाहरण होय. दिवसा त्यावर नातवाचा अभ्यास किंवा सुनेचें कचेरीचें काम चालावें, आणि सायंकाळीं त्याच पडद्यावर वडीलधाऱ्यांनीं बातम्या व मालिका पाहाव्या, अशी योजना असते. दोन खोल्यांच्या घरांत यानें जागा वाचते व पैसाही वाचतो. परंतु उंबऱ्यावरील दिवा वेडावांकडा ठेविला तर घर व अंगण दोन्ही अंधारांत राहतात. यास्तव हा पडदा घेणें, मांडणें व वापरणें याविषयीं चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खरेदी. दुकानांत गेल्यावर बहुतेक गृहस्थ पडदा किती इंची, एवढेंच विचारतात. वस्तुतः विचारावयाचें तें हें कीं, त्यांत बिंदु किती? पडद्यावरील सर्व चित्र बारीक बिंदूंचें बनलेलें असतें. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या 32 इंची पडद्यावर आडव्या ओळींत सामान्यतः 1366 बिंदु असतात. ‘फुल एचडी’ अशा 24 इंची पडद्यावर 1920 असतात. पहिल्याची रुंदी सुमारें 71 सेंटिमीटर व दुसऱ्याची सुमारें 53. भागाकार केल्यास पहिल्यांत दर सेंटिमीटरास 19 बिंदु पडतात, दुसऱ्यांत 36. दहा फुटांवरून नाटक पाहणारास हा भेद जाणवणार नाहीं. परंतु हातभर अंतरावर बसून वाचणारास मोठ्या पडद्यावरचें अक्षर करवतीच्या दात्यांसारखें दिसेल. वाचन-लेखन मुख्य असेल तर लहान परंतु दाट पडदा घ्यावा.

दुसरी गोष्ट टीव्हीची. “टीव्ही आंतच आहे, निराळा डबा नको,” असें विक्रेता सांगतो, त्यावर एकदम विश्वास ठेवूं नये. मुंबईस दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजीं सुरू झालें, तेव्हां छपरावर अँटेना लावली कीं काम होत असे. पुढें केबल आली. ती मुंबईंत 2012 सालीं व देशांत इतरत्र 2017 पर्यंत डिजिटल करण्यांत आली. दूरदर्शनचीं जुन्या पद्धतीचीं बहुतेक प्रक्षेपण-केंद्रेंही 2022 पर्यंत बंद झालीं. तेव्हां जुन्या मॉनिटरांतील ग्राहक-यंत्र चालू केलें तर पडद्यावर मुंग्यांवांचून कांहीं दिसावयाचें नाहीं. केबलवाल्याचा किंवा डिशचा सेट-टॉप बॉक्स लागतोच. ज्यांस मासिक वर्गणी नको, त्यांस डीडी फ्री डिश आहे. पण तिलाही छत्री व डबा हवाच. एक एचडीएमआय जागा या डब्यास व एक संगणकास, अशा निदान दोन जागा पाठीमागें आहेत ना, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें.

मांडणी करतांना दोघांनीं मिळून पडदा कडांना धरून उचलावा. मध्यभागीं बोटांचा दाब देऊं नये. घडी घातलेल्या रजईवर तो पालथा ठेवून पाय बसवावा, आणि मग तारा जोडाव्या. एचडीएमआय तारेंतून चित्र व आवाज दोन्ही येतात. जुन्या संगणकाची पंधरा टांचण्यांची निळी व्हीजीए तार केवळ चित्र आणते. तेथें आवाजाची तार वेगळी जोडावी लागते. नंतर रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ ही कळ दाबून डबा कीं संगणक, तें निवडावें.

येथें बहुतेकांस दोन अडचणी येतात. पहिली, संगणकाच्या चित्राच्या कडा कापल्या जातात. कांचनळीच्या काळीं चित्राच्या कडा वेड्यावांकड्या येत, म्हणून टीव्ही-यंत्रें चित्र किंचित् फुगवून त्या झांकीत. काळ गेला तरी ती खोड राहिली. रिमोटच्या यादींत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडल्यास ती जाते. दुसरी, अक्षरांभोंवतीं पांढरी झालर दिसते. टीव्हीचें चित्र उठावदार दिसावें म्हणून ठेविलेला ‘शार्पनेस’ हा गुण अक्षरांस दोष होतो. झालर नाहींशी होईपर्यंत तो कमी करावा. त्या जागेस ‘पीसी’ असें नांव देण्याची सोय असल्यास तें द्यावें. कित्येक यंत्रांत त्यायोगें रंगीत अक्षरें अधिक स्वच्छ होतात. संगणकांतही पडद्याचें मूळ बिंदुमान, म्हणजे 1920 बाय 1080, हेंच ठेवावें. अक्षरें मोठीं हवीं असल्यास बिंदु कमी न करतां अक्षरांचा आकार वाढवावा.

खिडकी पडद्याच्या बाजूस असावी. समोर किंवा पाठीशीं असूं नये. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत असावी. ज्यांस दुहेरी भिंगांचा चष्मा आहे त्यांनीं ती आणखी खालीं घ्यावी, नाहीं तर मान दुखते. पुसावयास कोरडें मऊ कापड पुरे.

आतां मुख्य प्रश्न. यंत्राचे दोन धनी एकाच वेळीं आले तर? दहावीचा मुलगा सायंकाळीं सातास गणिताचा पाठ उघडतो, आणि आजीची मालिकाही सातासच लागते. मुलास उठविलें तर अभ्यास बुडतो. आजीस थांबविलें तर दिवसभर एकटी बसलेल्या त्या माउलीची एकुलती करमणूक जाते. अशा वेळीं घरांत जो अबोला धरला जातो, त्याची किंमत वाचविलेल्या रुपयांत मोजतां येत नाहीं. शिवाय ज्या पडद्यावर काल सामना पाहिला, त्याच पडद्यासमोर आज त्याच खुर्चींत बसून मन प्रमेयांत रमविणें प्रौढांसही कठीण; मग पंधरा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा कां करावी? वर्गांत ज्यांनीं उभा जन्म घालविला, त्या आम्हांस हें सांगितलें पाहिजे.

म्हणून आमचा अभिप्राय असा : घरांत दोघेच निवृत्त पतिपत्नी असतील, किंवा मुलगा परगांवीं एका खोलींत राहत असेल, तर हा पडदा अवश्य घ्यावा. परंतु ज्या घरीं परीक्षेचा विद्यार्थी व वृद्ध माणूस दोघेही आहेत, तेथें शक्य असल्यास आजीस लहानसा का होईना, पण निराळा टीव्ही द्यावा. तें न जमल्यास वेळा कागदावर लिहून भिंतीस लावाव्या, अभ्यासाच्या वेळीं रिमोट कपाटांत ठेवावा, आणि त्या वेळा ठरवितांना आजीस प्रथम विचारावें. विचारलें म्हणजे ती बहुधा आपण होऊनच नातवास जागा करून देईल.